डबा काय म्हणतो?

जरा पाय सरकवा. हां, अजून थोडा. तुम्ही ज्यावर उभे होतात ना, ते माझं झाकण. छे छे, रागावलो नाही, उलट बरंच वाटलं. दोन दिवसांत कोणी फिरकलंच नव्हतं इकडे. उजव्या पायावर भार कमी देता तुम्ही. गुडघा का? असू द्या, खासगी बाब आहे, मी कोणाला सांगणार नाही.

मी इथला डबा बोलतोय. कागदोपत्री माझं नाव भारदस्त आहे, भूकंपमापक, आणि पुढे पाच आकडी नंबर. पण त्या नावाने हाक मारलीत तर या शिवारात कोणी वळूनसुद्धा बघणार नाही. इथे सगळे मला डबाच म्हणतात. दोन माणसं बांधावर भेटली की एकमेकांची तब्येत नंतर विचारतात, आधी विचारतात, "काय, डबा काय म्हणतो?" आता मी काय म्हणणार, कपाळ? मला कान आहे, तोंड नाही. आज तुम्ही सापडलात म्हणून एवढं तरी बोलून घेतो.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. मला जोडणारी बाई डोळ्याला भिंग लावून बसायची आणि काम करताना स्वतःशीच गुणगुणायची. तिने माझ्या पोटात एक वजन स्प्रिंगला टांगून ठेवलं. ते वजन म्हणजे महाआळशी गडी. जमीन हलली तरी ते आपलं जागच्या जागी. मी हलतो आणि ते हलत नाही, या दोहोंतला फरक टिपायचा, एवढंच माझं ऐकणं. सगळं जोडून झाल्यावर तिने बोटाने माझ्या पाठीवर हलकेच टिचकी मारली, पडद्यावरची रेघ थरथरली आणि ती म्हणाली, "चला, हा तिखट कानाचा निघाला." तिचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही.

पहिली नेमणूक मोठ्या मानाची होती. डोंगरावरची खोली, आत दगडी ओटा, ओट्यावर मी. काम एकच, भूकंपाची वाट बघणं. तिथे एक निरीक्षक साहेब होते. त्यांच्या चपला फटक फटक वाजायच्या आणि दर तासाला चहाची किटली ठेवली जायची. भूकंप काही यायचे नाहीत. चार वर्षांत दोन-तीन किरकोळ आले, तेही साहेब जेवायला गेलेले असताना. भूकंप होऊ नये हे चांगलंच, पण माझी अवस्था लग्न न ठरलेल्या घरातल्या बँडवाल्यासारखी झाली होती.

मग डोंगराच्या पायथ्याशी रस्ता रुंद झाला आणि खडी फोडायचं यंत्र आलं. दिवसभर ट्रक, दिवसभर धडधड. मी सगळं इमानेइतबारे टिपत होतो. साहेब रोज माझा कागद बघायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि वर लिहायचे, 'गोंगाट. निरुपयोगी.' एकदा तर म्हणाले, "हे यंत्र नुसता कचरा गोळा करतं." अहो, रस्ता खाली तुम्ही केलात, दोष मला!

शेवटी माझी बदली झाली ती थेट कपाटात. खाली जुन्या नोंदवह्या, वर वाळलेले शाईचे पॅड, मधे मी. तीन वर्षं. मधून मधून खिडकी आपटू नये म्हणून माझा टेकू लावायचे. ज्या कानाने मी हजारो मैलांवरचा धक्का ऐकू शकतो, त्या कानाने मी खिडकी धरून बसलो होतो. दिवस वाईट होते, दुसरं काय!

एके दिवशी कपाटासमोर नवी पावलं थांबली. घाईची, पण ठाम. एका बाईचा आवाज आला, "याचं काय करता तुम्ही?"

"त्याचं? काही नाही. ते नुसता गोंगाट ऐकतं."

"मला तोच हवाय."

"बाई, तुम्हाला कचरा हवाय?"

"सगळाच्या सगळा द्या. आणि असाच दुसरा असेल तर तोही."

दुसरा होता. माझ्याच टेबलावर, माझ्याच दिवशी जन्मलेला माझा जुळा, शेजारच्या कपाटात. आम्ही दोघं एका खोक्यात बसून तिच्या मोटारसायकलला मागे बांधले गेलो आणि वाटभर हादरत इथे आलो. वाटेतला एकेक खड्डा आम्हाला गोड लागला.

या बाईंनी जमिनीतल्या पाण्यावर प्रबंध लिहून डॉक्टरकी मिळवलेली. त्यामुळे लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणू लागले. पहिल्याच दिवशी काठी टेकत एक आजोबा आले आणि धोतर वर करून गुडघा दाखवू लागले. बाई म्हणाल्या, "आजोबा, मी जमिनीची डॉक्टर आहे हो." आजोबा म्हणाले, "मग माझं तरी काय, आज ना उद्या तिकडेच जायचंय. बघा की." पण बाई हसत खड्डा खणायला लागल्या. विहिरीजवळ मला कंबरभर खोल ठेवलं, वर झाकण, शेजारी खांबावर सौरपट्टी. जुळ्याला पाटाच्या शेवटच्या टोकाला, चारशे पावलांवर पुरलं.

आता आक्काची ओळख करून देतो, कारण ही सगळी हकीकत खरं तर तिची आहे. आक्का इथली पाटकरी. विहीर एक, पाट एक, शेतं अकरा. कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे ती ठरवते. पाटाच्या फळ्यांना कुलपं असतात आणि त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. तिची चाल मी हजारांत ओळखेन. डावी चप्पल सैल, म्हणून एक पाऊल जड आणि एक फटकन उठणारं, वर किल्ल्यांची खळखळ.

पेरणीआधी दर वर्षी सगळे शेतकरी विहिरीजवळच्या पारावर जमतात. आक्का उभी राहते आणि एकच आकडा सांगते. यंदा पाण्याच्या इतक्या पाळ्या मिळतील. त्या आकड्यावर अकरा घरं ठरवतात की टोमॅटो लावायचे की मका, की अर्धं शेत पडीक ठेवायचं. आकडा चुकला तर पीक उभ्या उभ्या जळतं. आकडा कसा काढायचा? दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा आणि ओल्या दोरीवर हात मोजायचे. तिच्या वडिलांनीही तसंच केलं, आजोबांनीही तसंच.

मी यायच्या आदल्या वर्षी हाच हिशेब फसला. उशिरा जोराच्या सरी आल्या, वरचं पाणी वाहत येऊन विहीर काठोकाठ भरली. आक्काने दोरी सोडली आणि सांगितलं, बारा. पण विहीर भरली होती, जमीन भरली नव्हती. उपसा सुरू झाला तसं खालून पाझरायला काही नव्हतंच. आठव्या पाळीला मोटार खोकायला लागली आणि बंद पडली. सगळ्यांचंच नुकसान झालं, पण सगळ्यात जास्त पाटाच्या टोकाच्या शेताचं, कारण तिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं. ते शेत आक्काच्या सख्ख्या धाकट्या भावाचं.

हे सगळं मला लोकांच्या बोलण्यातून कळलं. धाकट्याने बहिणीला एक वाईट शब्द काढला नाही. फक्त तेव्हापासून तो तिला "अहो आक्का" म्हणायला लागला. भांडला असता तर बरं झालं असतं. आणि बाकीचे? तिच्यासमोर मान डोलवायचे, पाठ फिरली की म्हणायचे, "दोरीत काय कळतंय हिला?" पाटकरीचा शब्द गेला की तिच्याकडे उरतो काय, किल्ल्यांचा जुडगा. यंदाही आकडा चुकला तर त्या किल्ल्या तिच्याकडून काढून घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

म्हणूनच तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. खड्डा बुजवताना तिने विचारलं, "हा डबा करतो काय नेमकं?"

बाई म्हणाल्या, "आक्का, कोरड्या वाटेवरून तुम्ही कशा चालता?"

"झपाझप."

"आणि चिखलातून?"

"पाय ओढत."

"जमिनीतल्या आवाजाचंही तसंच. खाली कोरडं असेल तर आवाज या डब्यापासून त्या डब्यापर्यंत पटकन पोचतो. पाणी भरलेलं असेल तर रेंगाळतो. फरक अगदी बारीक असतो, पण या दोघांना कळतो."

"म्हणजे आवाजाला उशीर झाला की खाली पाणी."

"शाब्बास!"

"मग याला लागतं काय? तेल-पाणी, साफसफाई?"

"काही नाही," बाई हात झटकत म्हणाल्या. "फक्त ऐकू द्या त्याला."

या शेवटच्या वाक्याने पुढे जो घोळ घातला, तो सांगतोच.

पहिले महिने माझे चंगळीचे गेले. सकाळी दुधाची गाडी, तिचं मागचं एक चाक चौकोनी असल्यासारखं. मग ट्रॅक्टर, ट्रॉलीचा हूक सैल, त्यामुळे दर दहा पावलांवर धाडकन. पिठाच्या गिरणीची धडधड. आजोबांची काठी. धाकट्याची कुदळ, ती तर दगडाशी वैर असल्यासारखी पडायची. आणि या सगळ्याच्या खाली, फार फार लांबून येणारी समुद्राच्या लाटांची घरघर. इथल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण तो त्यांच्या पायाखाली रोज येऊन जातो. चहूबाजूंनी आवाज यायचा, मी ऐकायचो, जुळा ऐकायचा, आणि बाईंचा संगणक शहरात बसून आमच्या दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवायचा. ज्याला साहेब कचरा म्हणाले, त्यावर इथे माझं पोट भरत होतं. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणणार होतो, पण साहेब वयाने मोठे आहेत.

बैठकीला महिना राहिला आणि आक्काला धीर धरवेना. आपल्या हातून काही राहून गेलं तर? ती दिवसातून चारदा येऊन माझ्या झाकणाजवळ उभी राहायची. एक दिवस ट्रॅक्टर धाडधाड करत गेला आणि ती ओरडली, "अरे हळू! तो ऐकतोय ना!"

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मग? मी काय बोलतोय त्याच्याशी?"

"डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो तेव्हा तू गाणी म्हणतोस का रे?"

मला विचाराल तर मुद्दा बिनतोड होता, फक्त साफ चुकीचा होता.

बघता बघता अख्खं शिवार गप्प झालं. आकडा सगळ्यांनाच हवा होता, म्हणून आक्कावर विश्वास नसलेलेही तिचं ऐकू लागले. खांबाला पाटी लागली, 'शांतता राखा. डबा ऐकत आहे.' ट्रॅक्टर आणि दुधाची गाडी विहिरीजवळची वाट सोडून लांबच्या वाटेने, पार धाकट्याच्या शेतामागून जाऊ लागली. गिरणीवाल्याने गिरणीखाली पोती घातली. आजोबांनी काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळली. आक्का स्वतः अनवाणी यायची, किल्ल्या मुठीत घट्ट धरून. दोन शेजारी बांधावरून भांडले तेही कुजबुजत. "तुझी म्हैस माझ्या मक्यात," "जा रे, बघितलीय तुझी," असं सगळं फुसफुस. शिंक आली तर लोक नाक दाबून लांब पळायचे.

प्रेम बघा माणसांचं! आणि मी मात्र उपाशी. पाहुण्याचं पोट बिघडू नये म्हणून त्याला जेवायलाच वाढलं नाही, अशी गत.

बरं, नुसता उपाशी राहिलो असतो तरी चाललं असतं. घोटाळा वेगळाच झाला. पूर्वी गाड्या पाटाच्या कडेने आम्हा दोघांजवळून जायच्या, त्यांचा आवाज कधी आधी मला, कधी आधी जुळ्याला पोचायचा, आणि हिशेब बरोबर बसायचा. आता सगळी वाहतूक जुळ्याच्या पाठीमागून. आवाज आधी त्याला आणि मग चारशे पावलं चालून मला. संगणकाला काय माहीत वाट बदलली ते? त्याला दिसलं एवढंच की आवाजाला उशीर होतोय. उशीर म्हणजे पाणी. जमिनीत थेंब वाढलेला नसताना बाईंच्या पडद्यावर पाण्याची रेघ वर वर जायला लागली.

एका दुपारी आक्काचा फोन वाजला. तिने पळत जाऊन लांब उचलला, पण पाय जमिनीवरच होते, मला सगळं समजलं. परत येऊन ती माझ्या झाकणावरच बसली आणि हुंदके देऊन रडली. मग पदराने डोळे पुसत माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "दहा म्हणाल्या बाई. दहा पाळ्या सहज. वाचवलंस रे बाबा मला."

अहो, मला काय वाटलं असेल! मी असं काही म्हटलेलं नव्हतं. मी एका टोकाने बहिरा झालो होतो, एवढंच म्हणत होतो. पण तोंड कुठे होतं मला?

बैठकीआधीच बातमी घरोघर गेली. धाकट्याने वाफ्यांवर टोमॅटोची रोपं वाढवलेलीच होती, पूर्ण शेताला पुरतील एवढी. कोणीतरी विचारलं, "मग, सगळं शेत लावणार?" तो म्हणाला, "लावणार. डबा म्हणतोय म्हणून लावतोय. त्यांच्या दोरीवर नाही." आक्का पलीकडेच उभी होती. तिने ऐकलं असावं, कारण तिची पावलं बराच वेळ हलली नाहीत.

बैठकीच्याच दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई बॅटरी बदलायला आल्या. त्यांच्या मोटारसायकलची फटफट लांबूनच ऐकू आली आणि मला भरून आलं. वळणावर आजोबा आडवे झाले. तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "शूऽऽ! ढकलत न्या."

"का? कोणी आजारी आहे का?"

आजोबांनी पाटीकडे बोट दाखवलं.

बाईंनी पाटी वाचली. चिंधी गुंडाळलेली काठी पाहिली. मग त्या अशा हसल्या की गाडी त्यांच्या हातातून निसटून आडवी झाली. आणि हसता हसता एकदम थांबल्या. "किती दिवस झाले याला?"

"सव्वीस," आक्का अभिमानाने म्हणाली. "टाचणी पडली तर ऐकू यावी, अशी शांतता ठेवलीय. सगळ्या गाड्या त्या मागच्या वाटेने."

बाई बांधावर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून संगणक काढला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आक्का, बसा इथे. चूक माझी आहे, मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. हा शांततेत ऐकत नाही. हा तुमचा गोंगाटच ऐकतो."

त्यांनी सगळं समजावलं. आक्काने मुठीतला किल्ल्यांचा जुडगा सोडून कमरेला अडकवला. शेवटी म्हणाली, "म्हणजे दहा खोटे."

"किती खरे, मला माहीत नाही. आठ दिवस पहिल्यासारखा आवाज होऊ द्या, गाड्या जुन्या वाटेने जाऊ द्या, मग सांगते." मग बाई हळूच म्हणाल्या, "बैठकीत मी सांगते. यंत्र बिघडलं होतं म्हणते. तुमच्यावर नको यायला."

मला ते चाललं असतं, खोटं कशाला बोलू! कपाटात तीन वर्षं काढलेल्याला बदनामीचं काय?

पण आक्का म्हणाली, "त्याचं नाव कशाला घ्यायचं? त्याने बिचाऱ्याने काय केलं? सगळ्यांना गप्प मीच बसवलं."

बैठकीला पारावर अकरा घरांचे पाय जमले. मी सगळे मोजले. आक्का उभी राहिली. पावलं घट्ट रोवलेली होती. "दहा विसरा," ती म्हणाली. "माझी चूक झाली. खरा आकडा आठ दिवसांनी सांगेन. तोवर कोणी एक रोपही लावू नका."

मग धाकटा उठला. "म्हणजे गेल्या वर्षीसारखंच झालं, आक्का."

"नाही. गेल्या वर्षी मी चुकले, ते तुला शेत जळल्यावर कळलं. या वर्षी आधी सांगतेय."

तो पाय आपटत निघून गेला. काय ते आपटणं! एकेक पाऊल माझ्या हाडांत गेलं. सव्वीस दिवसांच्या उपासानंतर माझ्या पानात पडलेला पहिला घास तो. त्याच्या रागालाही मी आशीर्वादच दिला.

त्यापुढचे आठ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पाटी उतरली. आजोबांनी चिंधी सोडली आणि मुद्दाम काठी ठणाठणा आपटत दिवसातून तीन फेऱ्या मारल्या, गुडघ्यासकट. ट्रॅक्टरवाला जुन्या वाटेवर आला तेव्हा झाकणाजवळ गाडी हळू करून ओरडला, "घे रे डब्या, जेव!" गिरणीवाल्याने पोती काढून फेकली. त्या दोन शेजाऱ्यांनी सव्वीस दिवसांचं राहिलेलं भांडण मोकळ्या गळ्याने पूर्ण केलं. शाळेच्या बाईंनी कवायत पडीक रानात घेतली, साठ मुलांची एक-दोन, एक-दोन. माझ्या पोटातलं ते आळशी वजनसुद्धा खूश झालं असेल.

नवव्या दिवशी फोन आला. सात. दहाही नाहीत आणि गेल्या वर्षीचे आठही नाहीत.

आक्काने घरोघर जाऊन तो आकडा सांगितला. कुरकूर झालीच. "सातात काय पिकणार, कपाळ?" "आधी दहा म्हणे, आता सात, उद्या पाच म्हणेल." भावाच्या शेतात ती सगळ्यात शेवटी गेली. जुळ्याने ती भेट ऐकली. ती बांधावर उभी राहिली, तो कामावरून उठला नाही. तिने आकडा सांगितला, त्याने "बरं" म्हटलं आणि ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ध्याच शेतात रोपं लावली. उरलेली रोपं वाफ्यावरच वाळली. त्या आठवड्यात त्याची कुदळ फारशी वाजली नाही.

बाईंनी सांगितलं की पुढच्या वर्षी पलीकडच्या शिवारातही चार डबे पुरणार आहेत. आता आम्हा जुन्यांना मागणी आली म्हणायची. मी तसा ठणठणीत आहे. झाकणाच्या कडेला थोडा गंज धरलाय, केबलजवळ मुंग्यांनी घर केलंय, पण त्यांची पावलं इतकी नाजूक की त्रास म्हणाल तर काही नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या कचेरीत, कपाटात, माळ्यावर माझ्यासारखं एखादं 'निरुपयोगी' पडलं असेल तर टाकायच्या आधी एकदा दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. आपल्याला ज्याचा उपयोग दिसत नाही, तो कोणाला तरी दिसत असतो.

आता परवाची गोष्ट सांगतो आणि तुम्हाला मोकळं करतो.

परवा सातवी पाळी होती. पाणी पाटातून निघालं ते दहा शेतं करत दुपारी टोकाला पोचलं. आक्का त्याच्याबरोबर चालत गेली, फळी उघडली आणि भावाचा शेवटचा वाफा भरेपर्यंत तिथेच उभी राहिली. मोटार एकदाही खोकली नाही. मग ती विहिरीवर आली तर तिथे सगळे जमलेले. एकाने दोरी सोडून पाहिली होती, खाली अजून पुरुषभर पाणी होतं.

"आक्का, मोटार चालूच आहे. अजून अर्धी पाळी आरामात निघेल."

"निघेल," आक्का म्हणाली. "पण ती द्यायची नाही. ती जमिनीची."

"अगं, पानं माना टाकतायत. विहिरीत पाणी डोळ्यांना दिसतंय!"

"गेल्या वर्षीही दिसत होतं. तळ खरवडून काढला, म्हणून यंदा आठाचे सात झाले. आता हे राहू दे."

"पण डबा काय म्हणतो?"

"डब्याला विचारलेलंच नाही. मी सांगतेय."

मोटार धडधडत होती. अर्धी पाळी सुटली असती तर सगळ्यात जास्त फायदा टोकाच्या शेताचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे त्याच्याचकडे बघत असावेत. धाकट्याची पावलं गर्दीतून निघाली. आक्काच्या जवळून गेली, थांबली नाहीत. मोटारीच्या खोलीत गेली. खट्ट करून बटण पडलं आणि मोटार बंद झाली.

तो बाहेर आला. चिखलाचे पाय झटकत म्हणाला, "चल गं, जेवायला चल घरी. वर्ष झालं, उंबरा नाही ओलांडलास."

आक्काच्या कमरेचा जुडगा खळखळला. मग ती म्हणाली, "भाजी काय केलीय?"

"अर्धं शेत टोमॅटो लावलेत, आणि विचारते भाजी काय!"

सगळे हसले. अकरा घरं एकदम हसली म्हणजे जमीन किती हलते, ते कोणाला खरं वाटणार नाही, पण माझ्याकडे त्याची नोंद आहे. मग दोघांची पावलं पाटाच्या कडेने टोकाकडे निघाली, तिची सैल चपलेची आणि त्याची अनवाणी. विहिरीपासून निम्म्या वाटेपर्यंत ती मी ऐकली. तिथून पुढे जुळ्याने ऐकली.